परसातले पाच बटेर



मुलं एका वयाला आली की घरात काहीतरी जिवंत हवं म्हणून हट्ट धरतात. कुत्रा आणावा तर त्याला फिरवून आणणार कोण, हा प्रश्न अखेर आपल्याच पदरात येऊन पडतो. मांजर आपल्या मर्जीने येतं आणि आपल्या मर्जीने जातं. पोपटाचं तर नावच काढू नका. आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, मग आजोबांच्या ओसरीवरचा 'विठू विठू' कितीही आठवो. कोंबड्या पाळायच्या तर मोठं आवार लागतं, शिवाय भल्या पहाटे आरवणाऱ्या कोंबड्यापायी शेजाऱ्यांशी वाकडं येतं ते वेगळंच. मग कुणीतरी सुचवतं, "बटेर का नाही पाळत? जागा लागत नाही, खर्च नाही, वर रोज अंडी!" अशी विचारणा करणारी पत्रं या सदराकडेही येतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

बटेर म्हणजे ओंजळीत मावेल एवढा, दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचा गोलमटोल पक्षी. सहा-सात आठवड्यांची झाली की मादी अंडी द्यायला लागते. आमच्या परसात एक नर आणि चार माद्या आहेत. जागा कमी लागते हे खरं, खर्च थोडा हेही खरं. पण 'काहीच करावं लागत नाही' हे मात्र साफ खोटं. एवढ्याशा जिवाची गंगाजळीही एवढीशीच असते. कोंबडी जे सोसते ते बटेराला सोसत नाही. मे महिन्याच्या दुपारी पाण्याचं भांडं दोन-तीन तास कोरडं राहिलं तर संध्याकाळी मुलांना काय सांगायचं, याचा विचार आणण्याआधीच केलेला बरा.

कोणता पक्षी घ्यायचा?

पाळायला मिळतो तो जपानी बटेर. काही ठिकाणी त्याला क्वेलही म्हणतात. १९७४ साली तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशात, बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला आणि पुढे तिथून देशभर पसरला. कोंबडीसारखाच पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला हा पक्षी आहे.

आपल्या माळरानावर गवतातून भुर्रकन उडतो तो लावा वेगळा. तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, घरी ठेवणं सगळाच गुन्हा. आठवडी बाजारात कुणी टोपलीवर जाळी टाकून 'रानातले आहेत, ताई' म्हणून पुढे करत असेल, तर स्वस्त मिळतात म्हणून मोहात पडू नका. हॅचरीतून घ्या आणि पावती मागून घ्या. त्याआधी सोसायटीची किंवा नगरपालिकेची काही हरकत आहे का, हेही विचारून घ्या.

अगदी लहान पिल्लं घेऊ नका. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, आणि ती हळूहळू कमी करत न्यावी लागते. पूर्वी खोक्यात साठचा बल्ब लटकवला की काम भागत असे. आता घरोघरी एलईडी आले, आणि त्यांचा उजेड पडतो पण ऊब मिळत नाही, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. त्यापेक्षा चार-पाच आठवड्यांचे, अंगभर पिसं आलेले पक्षी घ्यावेत. त्या वयाला नर-मादी ओळखताही येतात. नेहमीच्या तपकिरी जातीत नराची छाती तांबूस, विटकरी आणि साधी असते. मादीची छाती फिकट आणि तिच्यावर काळे ठिपके. पांढऱ्या किंवा इतर रंगांच्या जातींत हा फरक दिसत नाही, तेव्हा घेताना विचारा.

ही ओळख का महत्त्वाची? छोट्या घरात दोन नर ठेवले तर ते एकमेकांना टोचून रक्तबंबाळ करतात, डोळे फोडतात. तीन-चार माद्यांमागे एकच नर पुरे. त्याहून कमी माद्या असल्या तर तो त्यांच्या डोक्यावरची आणि मानेवरची पिसं उपटून काढतो. आणि नुसती अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही. 'नर असला की पिल्लं होतील' अशी मुलांची आशा असते, पण या जातीच्या माद्या सहसा अंड्यांवर बसतच नाहीत. माणसाने इतक्या पिढ्या यंत्रात अंडी उबवली की ती सवयच सुटली. पिल्लं हवीत तर यंत्र हवं नाहीतर खुडूक कोंबडी, सतरा-अठरा दिवसांसाठी. आणि निघालेल्या पिल्लांतले निम्मे तरी नर असणार. त्यांचं काय करायचं, याचं उत्तर घरात सर्वांनी मिळून आधी ठरवायला हवं.

घर कुठे, कसं?

पाच पक्ष्यांना चार फूट लांब आणि दोन फूट रुंद एवढं घर आटोपशीर होतं. उंचीची मात्र गंमत आहे. बटेर घाबरला की तिरपा न उडता रॉकेटसारखा सरळ वर उसळतो. घर दोन-तीन फूट उंच असलं की त्याला वेग घ्यायला पुरेशी जागा मिळते आणि तो छपरावर डोकं आपटून घेतो. म्हणून उंची एकतर फूटभरच ठेवावी, म्हणजे वेगच येत नाही. नाहीतर जागा असेल तर चांगली सहा फूट ठेवावी. मधलं माप नको. फूटभर उंची असली तरी छपराच्या आतून जुन्या मच्छरदाणीचं किंवा चादरीचं कापड थोडं सैलसर ताणून लावा. नवे पक्षी पहिले आठ दिवस हटकून उसळतात.

जाळीवर काटकसर करू नका. कोंबड्यांसाठी मिळते ती षटकोनी, मोठ्या भोकांची जाळी पक्ष्याला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. तारही बारीक, ती कुरतडली जाते. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डमेश घ्या. आपल्या परसातले शत्रू मोजा म्हणजे ती का हवी ते कळेल. उंदीर-घुशी, मुंगूस, साप, बोका आणि दिवसाढवळ्या कावळा. बोका जाळीतून पंजा घालतो आणि कडेला झोपलेल्या पक्ष्याला ओढतो. म्हणून घराचा एक कोपरा, साधारण दीड फुटाचा, तिन्ही बाजूंनी फळ्यांनी बंद करा. रात्री ते तिथेच दाटीवाटीने बसतात. दाराला नुसता आकडा नको, कडी घालून वर खिट्टी बसवा.

घर पायांवर, दोन-अडीच फूट उंच असेल तर उत्तम. मुंग्यांसाठी पाय वाट्यांत ठेवतात, पण त्यांत नुसतं पाणी ठेवलंत तर डेंग्यूचे डास तुमच्याच अंगणात होतील. तळाला थोडं जुनं इंजिन-तेल घाला. घर जमिनीवरच ठेवायचं असेल तर जाळी सगळीकडून अर्धा फूट जमिनीत पुरा. उंदीर उकरत येतो तो कडेनेच.

तळाला नुसती तार नको. सारखं तारेवर उभं राहून पायांना जखमा होतात. फळीचा तळ करून त्यावर दोन-तीन इंच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. बटेर दांडीवर बसणारा पक्षी नाही, तो जमिनीवरचा. त्याला झोपाळे आणि दांड्या लागत नाहीत, पण लपायला जागा लागते. फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घाला, एखादं कौल तिरकं टेकवा, वाळल्या गवताची पेंढी ठेवा. आडोसा असला की पक्षी शांत राहतात. शिवाय एका पसरट घमेल्यात तीन इंच कोरडी, चाळलेली वाळू ठेवा. तीत थोडी लाकडाची गार राख मिसळली तरी चालेल. धूळस्नान हे त्यांचं अभ्यंग. पिसांतले किडे त्यानेच जातात आणि बघणाऱ्याची करमणूकही होते.

दिशा बघूनच जागा ठरवा. सकाळचं कोवळं ऊन मिळावं आणि दुपारी सावली असावी. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा ती बाजू बंद आणि पूर्वेची जाळी उघडी. छप्पर सलग हवं. वर झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा आत पडता कामा नये, याचं कारण पुढे येईल. पत्रा असेल तर तो मे महिन्यात तव्यासारखा तापतो. त्यावर वीतभर अंतर सोडून झावळ्या, गवत किंवा जुनी ताडपत्री घाला. मधून हवा खेळली तरच उपयोग.

काय खायला घालायचं?

'चार दाणे टाकले की झालं' हा सर्वांत मोठा गैरसमज. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी यांवर पोट भरतं, पण बटेर धड राहत नाही. या पक्ष्याला प्रथिनं कोंबडीपेक्षा जास्त लागतात. वाढत्या पिल्लाच्या खाद्यात शंभरात चोवीस ते सत्तावीस भाग आणि अंडी देणाऱ्या मादीच्या खाद्यात वीसच्या आसपास. बटेरासाठीचं तयार खाद्य मिळालं तर तेच घ्या. ते नसेल आणि कोंबडीचं लेअर मॅश घ्यावं लागलं तर पोत्यावरचा आकडा वाचा. सोळा-सतरा असेल तर त्याला जोड लागते. बिनमिठाची सुकट दळून थोडी मिसळा, किंवा आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेलं अंडं कुस्करून द्या. घरच्या सोयाबीनची भरड घालायचा विचार असेल तर सोयाबीन आधी नीट भाजून घ्या. कच्च्या सोयाबीनमधली प्रथिनं त्यांना पचत नाहीत.

मोठा पक्षी दिवसाला वीस ते पंचवीस ग्रॅम खातो. म्हणजे पाच जणांना रोज सव्वाशे ग्रॅम, महिन्याचे पावणेचार किलो. घरखर्चाच्या वहीत एवढंच धरा. मात्र बटेर मोठा उधळ्या आहे. चोचीने उडवून, पायाने उकरून निम्मं खाद्य तुसात घालतो. यावर सोपा उपाय म्हणजे जुना प्लॅस्टिकचा डबा. झाकण घट्ट लावायचं आणि खालून दीड-दोन इंचांवर दीड इंचाची गोल भोकं पाडायची. डोकं आत जातं, पाय जात नाही. भोकांच्या कडा घासून गुळगुळीत करा आणि डबा भोकांच्या खालपर्यंतच भरा.

अंडी देणाऱ्या माद्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. त्या आपल्या गरजेपुरता खातात. खाद्यातच मिसळलात तर नरालाही तो नको असताना खावा लागतो. घरच्या अंड्यांची टरफलं उकळून, वाळवून, कुटून घातली तरी चालतात. पालेभाजी निवडताना निघणारे मेथीचे, कोथिंबिरीचे कोवळे देठ, शेवग्याचा पाला बारीक चिरून मूठभर द्या. पाला आणि दाणे खायला घातलेत तर थोडी बारीक वाळूही हवी, त्यांना दात नाहीत, वाळूच पोटात जातं करते. आमटी-भात, फोडणीची भाजी, फरसाण, पावाचे तुकडे मात्र नकोत. उरलंसुरलं खपवायचं साधन म्हणून पक्षी पाळायचे नसतात. तेल-मीठ-मसाला त्यांच्या पोटाला सोसत नाही.

पावसाळ्यात खाद्याची जपणूक ही एक वेगळीच कामगिरी. दमट हवेत मॅशला आणि शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष पक्ष्यांचं यकृत निकामी करतं. पंधरा दिवसांपुरतंच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात, पाटावर ठेवा. कुबट वास आला की सरळ फेकून द्या. 'दोन दिवस उन्हात घालते' असं म्हणू नका. उन्हाने ओल जाते, विष जात नाही.

पाणी, पाणी आणि पाणी

खाद्याच्या दुप्पट पाणी, हा साधा हिशेब. पाच पक्ष्यांना एरवी रोज पाव लिटर, कडक उन्हाळ्यात अर्ध्या लिटरच्या वर. सांडलेलं वेगळं. उघड्या परळात पाणी ठेवलं तर ते त्यात उभे राहतात, तूस उकरून टाकतात आणि तासाभरात त्याचा चिखल होतो. घरच्या घरी सुटसुटीत भांडं असं करा. प्लॅस्टिकची बरणी घ्या. तोंडाच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर एक बारीक भोक पाडा. बरणी भरून तिच्या तोंडावर दोन सेंटिमीटर खोल अशी रुंद बशी ठेवा आणि दोन्ही मिळून चटकन उलटं करा. बशीत भोक बुडेपर्यंत पाणी येतं आणि थांबतं. पक्षी प्यायले की तेवढंच पुन्हा उतरतं. लक्षात ठेवायचं एवढंच की भोक बशीच्या काठापेक्षा खाली असायला हवं, नाहीतर सगळं पाणी वाहून जाईल. भांडं विटेवर ठेवा, म्हणजे तूस आत पडत नाही.

पिल्लं असतील तर बशीत खडे किंवा काचेच्या गोट्या भरा. सात-आठ ग्रॅमचं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडून मरतं. गोट्यांच्या फटीतून चोच पोचते, अंग पोचत नाही.

भांडं सकाळ-संध्याकाळ काथ्याने घासा. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर ते स्वच्छ नाही. आठवड्यातून एकदा कडकडीत उन्हात वाळवा. दोन भांडी केलीत तर एक वाळतं आणि एक वापरात राहतं. उन्हाळ्यात दोन्ही एकाच वेळी आत ठेवा, कारण एक कलंडलं तरी दुसरं असतं.

ऋतू बदलला की

पक्ष्यांना घाम येत नाही. उकडलं की चोच उघडी टाकून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरतात. हे दिसलं की तो शेवटून दुसरा इशारा समजा. लगेच सावलीत हलवा, गार पाणी द्या, पाय ओले करा. विदर्भ-मराठवाड्यात बाजूंना तरटं बांधून ती ओली ठेवलीत तर कूलरसारखा गारवा येतो. कोकणात, मुंबईकडे मात्र ही युक्ती उलटी पडते. हवा आधीच दमट, त्यात ओली तरटं लावून वारा अडवला की आत वाफारा होतो. तिथे तरटं नकोत, मोकळी हवा हवी. फ्रीजमध्ये बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली तर ते तिला टेकून बसतात. ही युक्ती दोन्हीकडे चालते.

पावसाळ्यात ओलं तूस हा मुख्य वैरी. रोज वरखाली करा, ओला भाग काढून टाका. एक सोपी परीक्षा सांगते. खाली बसून आपलं नाक पक्ष्यांच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले तर तुम्ही क्षणभर सोसलंत ते त्या बिचाऱ्यांना दिवसरात्र सोसावं लागतं आहे. त्याच दिवशी तूस बदला. काढलेलं तूस कुजवून कुंडीला घातलं की गुलाब कसे तरारतात ते बघा.

थंडी त्यांना फारशी बाधत नाही. नाशिक-निफाडकडचा गारठाही मोठे पक्षी काढतात, फक्त अंग कोरडं हवं आणि वारा लागू नये. रात्री पडदा सोडा, पण वरची चार बोटं फट ठेवा. हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. त्यांना चौदा ते सोळा तासांचा उजेड लागतो. पहाटे छोटा एलईडी लावून अंडी चालू ठेवता येतात. आम्ही मात्र लावत नाही. चार महिने विसावा त्यांनाही मिळावा.

अंड्यांविषयी आणि आजारांविषयी

बटेराचं अंडं दहा-बारा ग्रॅमचं, म्हणजे पाच अंडी मिळून कोंबडीचं एक. चवीला छान, पौष्टिक, पण कोंबडीच्या अंड्यासारखंच. ते दम्यावर, मधुमेहावर औषध आहे, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. एक सूचना मात्र ठळक अक्षरांत लिहावीशी वाटते. ज्या मुलाला कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी आहे त्याला बटेराचं चालतं असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. दोन्हींतली प्रथिनं मिळतीजुळती आहेत, त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अंडी कच्ची देऊ नका, पुरती उकडा.

पक्ष्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुणं हा घरचा नियमच करा. त्यांची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत घासू नका, बाहेरच्या नळावर घासा. बर्ड फ्लू आपल्या देशात पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीकडे पुन्हा कोंबड्या दगावल्या. तो रानपक्ष्यांच्या विष्ठेतून येऊ शकतो, म्हणून वर सलग छपराचा आग्रह धरला. एक-दोन दिवसांत एकदम बरेच पक्षी दगावले तर उघड्या हातांनी उचलू नका, मुलांना लांब ठेवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

'सोडून द्यावेत का?'

एका भगिनीचं पत्र माझ्यासमोर आहे. मुलाच्या हट्टापायी त्यांनी आठ बटेर आणले. विकणाऱ्याने सांगितलं, "कणी टाका, पाणी ठेवा, बस्स." महिन्याभरात तीन उरले. दोन डोकं आपटून गेले, दोन उंदराने नेले, एक उन्हाने. मुलगा आता पिंजऱ्याकडे बघतही नाही. सासूबाई म्हणतात, राहिलेले तीन शेताच्या बांधावर सोडून द्या, तेवढंच पुण्य.

ताई, सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण सोडू नका. हा पक्षी रानात जन्मलेला नाही, त्याच्या आईची आई नाही. त्याला दाणा शोधता येत नाही, मुंगसापासून लपता येत नाही, आणि परतही येता येत नाही. संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही. आपल्या डोळ्यांआड मरेल, एवढाच फरक. तीन पक्ष्यांना जागा थोडी लागते. छपराला कापड, तळाला बारीक जाळी आणि दुपारची सावली एवढं केलंत तर ते जगतील. आणि मुलाला रागावू नका. पाच मेले ते कशाने, हे त्याच्याशी नीट बोला. त्याच्याच हाताने कापड ताणून घ्या, जाळी ठोकून घ्या. मुलं पाठ फिरवतात ती बऱ्याचदा कंटाळ्याने नव्हे, वाईट वाटून.

हा पक्षी साधारण दोन-तीन वर्षं जगतो. वर्षानंतर अंडी कमी होतात. तरी त्याचं खाणं, पाणी, साफसफाई चालूच राहते. हे पटत असेल तरच आणा.

कामाची वाटणी

शेवटी आपला नेहमीचा मुद्दा. हट्ट सगळ्यांचा आणि काम आईचं, असं होऊ देऊ नका. पक्षी येण्याआधीच कागदावर लिहून भिंतीला लावा. सकाळी शाळेआधी पाणी आणि खाद्य मुलांनी. दुपारी एक वाजता पाण्यावर नजर जो घरात असेल त्याने, आणि एप्रिल-मेमध्ये चार वाजता पुन्हा एकदा. संध्याकाळी अंडी मुलांनी गोळा करावीत आणि वहीत मांडावीत. अंधार पडायच्या आत कडी-खिट्टी मोठ्या माणसाने बघावी. रविवारी घरमालकांनी तूस बदलावं, वर्तमानपत्र तासभर उशिरा वाचलं म्हणून काही बिघडत नाही! वही मात्र जरूर ठेवा. कोणत्या दिवशी किती अंडी, किती खाद्य, कोण सुस्त. माझ्या वर्गातल्या मुलांना हिशेब शिकवायला मी असली वही वापरते आणि जोडीला एक गोष्ट सांगते. १९९० साली 'मीर' या अवकाशस्थानकावर अंड्यांतून पिल्लं बाहेर आली, ती याच जपानी बटेराची. दुसऱ्या दिवशी चार मुलं तरी "बाई, बघायला येऊ?" म्हणून विचारतातच.

आणि हो, सुट्टीत माहेरी जायचं ठरलं की आधी पक्ष्यांची सोय, मग तिकिटं. 'मोठं भांडं भरून ठेवलं आहे, चार दिवस पुरेल' असं म्हणून कुलूप लावू नका. भांडं कलंडतं, बुळबुळीत होतं, आणि दार वाजवून सांगायला ते येऊ शकत नाहीत. शेजारणीला किल्ली द्या, कागदावरचं वेळापत्रक द्या आणि चार दिवसांची अंडी तिचीच, हे आधीच सांगून टाका. ती नाही म्हणणार नाही.

कुणाची जागा वेगळी असेल, गच्ची असेल, अंगण अरुंद असेल, तर मापं कळवा. जमेल तसं उत्तर देईन.